द्राक्षबागेतील वेळेचा हिशेब : दोन-तीन एकर बागेचा नफा टिकवण्यासाठी

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड आणि नाशिक या तालुक्यांत बहुतेक द्राक्षबागायतदारांची बाग दोन ते चार एकरांची आहे. खत, औषध, मजुरी, मांडवाची दुरुस्ती, कर्जाचे व्याज असा खर्च बहुतेकांच्या वहीत असतो. वेळ मात्र कुठेच लिहिलेला नसतो. द्राक्ष हे वर्षातून दोनदा छाटणी होणारे पीक आहे आणि त्यातली कितीतरी कामे ठरावीक दिवसांतच करावी लागतात. तो दिवस हुकला की तेच काम दुप्पट मजुरीत होते किंवा होतच नाही. म्हणून दोन-तीन एकर बागेकडे लहान धंदा म्हणून पाहायचे असेल, तर पैशाबरोबर तासांचाही हिशेब ठेवावा लागतो. तो कसा ठेवायचा आणि वेळ नेमका कुठे वाचतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

लेखातील मजुरीचे व वेळेचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या बागेतले आकडे आपण स्वतः मोजावेत. मोजण्याची रीतही पुढे दिली आहे.

एका एकरात किती घड, किती मिनिटे

नऊ फूट बाय पाच फूट अंतरावर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. वेलीवर ३५ घड ठेवले तर एकरी ३३,८८० घड होतात. घडाचे सरासरी वजन ३०० ग्रॅम धरले तरी हा माल १० टनांच्या पुढे जातो, म्हणजे निर्यातक्षम बागेसाठी तो पुरेसा आहे.

आता हेच घड मिनिटांत मोजा. मणी विरळणीला, म्हणजे थिनिंगला, एका घडामागे एक मिनिट लागले असे धरू. ३३,८८० मिनिटे म्हणजे सुमारे ५६५ तास. आठ तासांच्या रोजात चहा, जेवण आणि ओळ बदलणे वजा जाता हातात सात तास काम पडते. म्हणजे एका एकराच्या थिनिंगला सुमारे ८१ मजूर-दिवस लागतात. रोज ४०० रुपये धरला तर ३२,००० रुपयांच्या वर खर्च फक्त या एका कामावर होतो. घडामागे १५ सेकंद वाचले, तर एकरी २० मजूर-दिवस वाचतात. द्राक्षबागेत सेकंदाला किंमत आहे ती यामुळे. प्रत्येक हालचाल तीस-पस्तीस हजार वेळा करायची असते.

आपल्या बागेतला आकडा काढणे सोपे आहे. काम सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे हात बसल्यावर, मध्यम वेगाच्या एका मजुराच्या दहा वेली मोबाईलच्या घड्याळावर मोजा. सर्वांत चपळ बाईचा वेग धरू नका आणि सर्वांत मंद माणसाचाही धरू नका. मोजताना त्यांना तसे सांगा. गुपचूप मोजले तर टोळीला वाटते की मालक पाळत ठेवतोय, आणि मग दोन दिवस कामाचा सूर बिघडतो.

जास्तीचे घड हा सर्वांत महागडा वेळ

बहुतेक बागांत घड विरळणी उशिरा होते. छाटणीनंतर घड दिसू लागले की ते काढायला हात धजावत नाही. पाऊस झाला तर, डाऊनी आला तर, गळ झाली तर, या भीतीने वेलीवर ४०-४५ घड राहतात. ही भीती खोटी नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस झाला की दोडा अवस्थेतील घडांची कुज आणि गळ नाशिककरांनी अनेक वर्षे पाहिली आहे. पण या जास्तीच्या घडांचा खर्च कुणी मांडत नाही.

वेलीवर ३५ ऐवजी ४३ घड राहिले असे समजा. एकरी ७,७४४ घड जास्त झाले. ते डिपिंगच्या दोन्ही वेळेस बुडवले गेले, थिनिंगही झाले आणि शेवटी वेलीला पेलवत नाहीत म्हणून काढले किंवा लहान मण्यांचा माल म्हणून स्थानिक बाजारात गेले. डिपिंगला एका वेळी आठ सेकंद धरले तर दोन वेळचे मिळून सुमारे ३४ तास होतात. थिनिंगचे १२९ तास. मिळून २३ मजूर-दिवस, म्हणजे ९,००० रुपयांहून जास्त. शिवाय त्यांनी इतर घडांच्या तोंडचे अन्न खाल्ले ते वेगळे. हेच घड वेळेत काढले तर एका घडाला पाच सेकंद लागतात आणि सगळे काम दीड-दोन मजूर-दिवसांत होते.

यावर व्यवहार्य मार्ग असा. घड स्पष्ट दिसू लागले, फेलफूट काढायची वेळ आली, की त्याच हाताने अगदी लहान, आखूड आणि उशिरा निघालेले घड काढून टाकावेत. ठेवायच्या संख्येपेक्षा चार-पाच घड जास्त राहू द्यावेत. ही पावसाची सोय. मात्र त्या जास्तीच्या घडांची शेवटची तारीख त्याच दिवशी वहीत लिहावी : मणी सेट झाले आणि गळीचा धोका गेला की पहिल्या डिपिंगच्या आधी ते निघाले पाहिजेत. तारीख लिहिली नाही तर ते घड मार्चपर्यंत वेलीवरच राहतात.

वेलीवर किती घड ठेवायचे हे काडीची जाडी, पानांची संख्या आणि बाजार पाहून ठरते. वेलीला पेलेल तेवढेच, हा नियम वेळेलाही लागू आहे. टोळीला पेलतील तेवढेच घड.

छाटणी एकाच दिवशी नको

तीन एकर बाग एकाच आठवड्यात छाटून मोकळे होण्याची सवय अनेकांना आहे. टोळी आली आहे, छाटून घ्या, असा विचार असतो. छाटणीपुरते ते सोयीचे. त्रास पुढे सुरू होतो.

एका एकराच्या थिनिंगला ८१ मजूर-दिवस लागतात असे वर पाहिले. मणी साधारण तीन-चार मिलिमीटरचे झाल्यापासून ते एकमेकांना भिडेपर्यंत कात्री सहज चालते. हा काळ बारा दिवसांचा धरू. तीन एकर एकाच वेळी थिनिंगला आले तर २४२ मजूर-दिवस बारा दिवसांत बसवायचे, म्हणजे रोज २० माणसे. तीच बाग बारा-बारा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत छाटली असती, तर रोज सात माणसे छत्तीस दिवस पुरली असती. सात माणसांची टोळी मिळते आणि टिकते. वीस माणसे त्याच बारा दिवसांत गावातल्या प्रत्येकाला हवी असतात, आणि मग मुकादम सांगेल तो दर द्यावा लागतो. मणी भिडल्यानंतर कात्री आत जात नाही, मणी फुटतात आणि एका मिनिटाचे काम दोन मिनिटांवर जाते, ते निराळेच.

टप्प्याने छाटणी केल्याने काढणीही टप्प्याने येते. १ ऑक्टोबरला छाटलेला प्लॉट १३५ दिवसांचा धरला तर फेब्रुवारीच्या मध्यावर येतो. २५ ऑक्टोबरचा ९ मार्चच्या सुमारास. एकच भाव सगळ्या मालाला मिळत नाही, हे खरे तर बरे असते. भाव पडला तरी सगळा माल त्या आठवड्यात सापडत नाही आणि पाऊस आला तरी सगळी बाग एकाच अवस्थेत नसते.

कसमादे पट्ट्यातले, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागातले बागायतदार जून ते ऑगस्टमध्ये छाटून डिसेंबरच्या आसपास माल काढतात. तो अर्ली छाटणीचा मार्ग आहे. भाव मिळतो, पण भर पावसात बाग सांभाळण्याची जोखीम आणि फवारण्यांची संख्या त्या भावात वजा करावी लागते. निफाड-दिंडोरीत केवळ मजुरांच्या सोयीसाठी छाटणी सप्टेंबरच्या सुरुवातीला ओढू नये. तो निर्णय जमीन, निचरा आणि फवारणीची ताकद पाहूनच घ्यावा.

उशिराच्या टोकालाही मर्यादा आहे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर छाटलेल्या बागेत डोळे फुटणे आणि पुढची वाढ थंडीत सापडते. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्या खाली जातो. अशा थंडीत मण्यांची फुगवण थांबते आणि माल मागे पडतो. म्हणून तीन टप्पे करायचे तर ते साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर या काळात बसवावेत.

मजुरांचे वर्ष आपल्या वर्षाशी जुळवा

बागेत येणाऱ्या टोळ्या प्रामुख्याने पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, हरसूल आणि शेजारच्या डांग भागातल्या असतात. त्यांची स्वतःचीही शेती आहे. भात आणि नागलीची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, नेमकी आपली छाटणी, पेस्टिंग आणि फेलफूट काढण्याच्या दिवसांत. दिवाळीला ते घरी जातात. होळी हा तिकडचा सर्वांत मोठा सण आहे, आणि तो मार्चमध्ये भर काढणीत येतो. हे दरवर्षी घडते, तरी दरवर्षी आपण ऐनवेळी फोन करत बसतो.

जुलै-ऑगस्टमध्ये, त्यांची लावणी उरकल्यावर, मुकादमाशी बसून तारखा ठरवा. आपले टप्पे त्याला सांगा. भातकापणीच्या आठवड्यात आपल्याकडे किमान काम राहील अशा रीतीने पहिल्या दोन टप्प्यांची छाटणी ठेवता आली तर टोळी दरवर्षी आपल्याकडेच येते. होळीचे आठ दिवस वहीत लाल शाईने मांडा आणि व्यापाऱ्याला किंवा निर्यातदाराला काढणीची तारीख देताना ते दिवस सोडून द्या.

रोजंदारी की उक्ते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. छाटणी, काडी बाहेर काढणे, पेपर लावणे यांसारखी कामे उक्ती द्यायला हरकत नाही. त्यात झाले की नाही ते डोळ्याला दिसते. थिनिंग आणि डिपिंग मात्र सरसकट उक्ते देऊ नये, असे आमचे मत आहे. उक्त्या थिनिंगमध्ये घड वरवरून मोकळा होतो, आतला गच्च राहतो आणि त्याची किंमत पॅकहाऊसमध्ये समजते. द्यायचेच असेल तर पहिल्या दोन ओळी रोजंदारीवर करून नमुना ठरवा, आणि नमुन्याबरहुकूम नसलेली ओळ पुन्हा करायची हे आधीच बोलून घ्या.

घरच्या माणसांची मजुरीही लिहा. थिनिंगला घरातल्या बायका टोळीच्या बरोबरीने राबतात आणि सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक, जनावरे वेगळी. वहीत त्या रकान्यात शून्य लिहिले की बाग फायद्यात दिसते. ते तास चालू दराने मांडले की अनेकदा चित्र बदलते, आणि तिसऱ्या एकराऐवजी दोनच एकर नीट करावेत असेही उत्तर निघू शकते.

तासांवर मोजायची कामे

काही कामांना आठवड्याची मुभा असते, काहींना दोन दिवसांचीही नसते. ती ओळखून ठेवली की इतर कामे पुढे-मागे ढकलता येतात.

फळछाटणीनंतर हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग शक्यतो त्याच दिवशी आणि फार तर ४८ तासांच्या आत व्हावे. म्हणून पेस्टिंगला माणसे नसतील तर तेवढी ओळ छाटूच नये. छाटणीची टोळी पुढे आणि पेस्टिंगची दोन दिवस मागे असे झाले की डोळे मागे-पुढे फुटतात. त्याच बागेत मग घडांच्या दोन-तीन अवस्था दिसतात आणि जीएची फवारणी, डिपिंग, थिनिंग ही सगळी कामे दोनदा करावी लागतात. एका दिवसाची दिरंगाई पुढे चार महिने खर्च मागते. सायनामाईड विषारी आहे. हातमोजे, पूर्ण अंग झाकणारे कपडे आणि चष्मा लागतोच, आणि ते हाताळण्याच्या आधी व नंतरही दारू पिणे अत्यंत धोकादायक असते. हे पेस्टिंगच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सांगावे, सकाळी नव्हे.

जिबरेलिक ॲसिडच्या, म्हणजे जीएच्या, फुलोऱ्यापूर्वीच्या फवारण्याही अशाच. घड पोपटी रंगाचा असताना पहिली आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी दुसरी, या रीतीने पाकळी लांबते आणि घड सुटा होतो. ही वेळ साधली तर थिनिंगचे सेकंद कमी होतात. हुकली तर घड गच्च राहतो आणि कात्रीला काम वाढते. पुढे मणी तीन-चार मिलिमीटरचे असताना आणि नंतर सहा-सात मिलिमीटरचे असताना डिपिंग येते. मात्रा वाणानुसार व अवस्थेनुसार बदलते, ती आपल्या तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावी.

तिसरे काम डाऊनीची फवारणी. पाने रात्रभर ओली राहिली आणि घड पोंगा ते फुलोरा यांच्या दरम्यान असतील, तर उद्या पाहू असे म्हणण्यात अर्थ नसतो. या काळात ब्लोअर दुरुस्त, नोझल साफ, डिझेल भरलेले, पाण्याची टाकी भरलेली आणि दोन फवारण्यांची औषधे घरात, एवढी तयारी हवी. शेतीपंपाची वीज ज्या भागात रात्रपाळीने येते तिथे फवारणीचे पाणी आदल्या रात्री टाकीत भरून ठेवावे. औषध आणायला दुकानात जाऊन रांगेत उभे राहण्यात सकाळचे दोन तास गेले, की वारा सुटतो, ऊन चढते आणि फवारणी संध्याकाळवर जाते. हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. आठवड्याची कामे ठरवायलाही हेच दोन दिवस योग्य आहेत. महावेधच्या मंडळनिहाय केंद्रांवरील पाऊस व आर्द्रतेची नोंदही पाहावी, पण पान ओले आहे की नाही हे सकाळी सहाला स्वतः बागेत जाऊन हात लावल्याशिवाय कळत नाही.

चौथे काम काढणीचे. थंड वेळेत, सकाळी लवकर तोडलेला निर्यातीचा माल चार ते सहा तासांत प्रीकूलिंगला गेला पाहिजे. गाडी दुपारी दोनला येणार असेल तर पहाटे सहाला तोड सुरू करून क्रेट सावलीत ठेवण्यात काही साधत नाही. गाडीच्या वेळेवरून तोडीची वेळ उलटी मोजावी.

मे महिन्यातले काम मार्चमध्ये परत येते

खरड छाटणीनंतरच्या काळात बाग शांत असते आणि बागायतदारही. लग्नसराई असते, उन्हाचा तडाखा असतो. पण पुढच्या वर्षी वेलीवर किती घड येणार हे याच काळात ठरते. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यांत घडनिर्मिती होते, आणि त्या वेळी भरपूर सूर्यप्रकाश लागतो.

तारखा मांडून पाहा. ५ एप्रिलला खरड छाटणी केली तर हा काळ १५ मे ते ४ जून येतो. लख्ख ऊन असते. तीच छाटणी ५ मेला केली तर १४ जून ते ४ जुलै. नाशिकमध्ये तोवर ढग आलेले असतात. सूक्ष्म घडनिर्मिती कमी होते आणि ऑक्टोबरात छाटल्यावर काडीवर घड कमी, वांझ फुटी जास्त दिसतात. मग खतांना आणि औषधांना दोष दिला जातो.

आता साखळी उलट वाचा. खरड छाटणी उशिरा का झाली? काढणी लांबली म्हणून. काढणीनंतर वेलीला तीन आठवडे तरी विसावा हवा. काढणी का लांबली? मार्चअखेर भाव वाढेल म्हणून माल वेलीवर ठेवला किंवा व्यापाऱ्याने ‘उद्या तोडतो’ म्हणत पंधरा दिवस घालवले. किलोला दोन रुपये वाढतील म्हणून थांबताना पुढच्या वर्षीचे घड पणाला लागतात, हे त्या वेळी लक्षात येत नाही. भाव खरोखर वाढणार असेल तर थांबावे, पण शेवटच्या प्लॉटसाठी ‘या तारखेच्या पुढे नाही’ असा दिवस आधी ठरवावा.

वाढीच्या काळातल्या औषधांचेही असेच आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपण त्याला सीसीसी म्हणतो. काडीची वाढ रोखण्यासाठी ते प्रामुख्याने खरड छाटणीच्या हंगामात वापरले जाते, माल मात्र अडचणीत आला काढणीनंतर. अनेक बागायतदार आणि निर्यातदार त्या वर्षी मोठ्या तोट्यात गेले. तेव्हापासून बागेची नोंदवही एप्रिलपासूनच लिहिली पाहिजे हे स्पष्ट झाले. ज्यांना निर्यात करायची आहे त्यांनी अपेडाच्या प्रणालीवर प्लॉटची नोंदणी मुदतीत करावी. मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र लेबल क्लेम असलेल्या औषधांची व काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीची यादी प्रसिद्ध करते, ती नवीन वर्षाची असल्याची खात्री करून भिंतीवर लावावी. फवारणी करताना काढणीची अपेक्षित तारीख समोर ठेवून दिवस मागे मोजले, तर नमुना नापास होऊन प्लॉट अडकण्याची वेळ सहसा येत नाही.

मालकाचा वेळ

बागेत सर्वांत महाग तास मालकाचा असतो, आणि सर्वांत जास्त वायाही तोच जातो. फिटिंगचा एक तुकडा आणायला पिंपळगावला एक फेरी, औषधाला दुसरी, मजुरांच्या किराण्याला तिसरी. आठवड्याची एक यादी आणि ठरलेले दोन दिवस एवढे केले तरी फेऱ्या निम्म्या होतात. शेजारच्या चार-पाच बागायतदारांनी पाळीपाळीने खरेदी केली तर आणखी बरे.

सकाळचा पहिला तास मात्र कशालाही देऊ नये. त्या तासात प्रत्येक प्लॉटच्या ठरलेल्या दोन ओळी फिरून पाने, घड, ओल, भुरी, फुलकिडे पाहायचे आणि दिवसाचे काम तिथेच ठरवायचे. टोळी आल्यावर काम ठरवायला बसले की पंधरा माणसांची वीस मिनिटे, म्हणजे पाच तास जातात. कोणती ओळ, किती पाकळ्या ठेवायच्या, कात्र्यांना धार आहे का, पाण्याचा जार भरला का, हे आदल्या संध्याकाळी ठरलेले असावे. बोथट कात्री हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तोटा आहे.

सौद्याच्या वेळी घाई करू नये, पण सौद्यानंतर ढिलाईही नको. जागेवर सौदा झाला की भाव, तोडीची शेवटची तारीख, रोजचे वजन कोण लिहिणार आणि पैसे किती दिवसांत, हे चिठ्ठीवर घेऊन इसार घ्यावा. ठरलेल्या तारखेला तोड झाली नाही तर माल दुसऱ्याला देण्याची मोकळीक राहील, हेही त्याच चिठ्ठीवर असावे. ओळख नसलेल्या व्यापाऱ्याला उधारीवर दिलेला माल आणि नंतर त्याच्यामागे घालवलेले महिने यांचा अनुभव जवळजवळ प्रत्येक गावात कुणाला तरी आहे. त्या फेऱ्यांचे तास कोणत्याच वहीत नसतात. शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत माल देणाऱ्यांचा हा वेळ वाचतो. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी मोठी उदाहरणे जिल्ह्यातच आहेत. मात्र कंपनीचे वेळापत्रक, नमुना तपासणी आणि प्रतवारी आपल्याला पाळता येईल का, हे आधी पाहावे.

वही कशी लिहावी

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र पाने. तारीख, छाटणीनंतरचा कितवा दिवस, काम, माणसे गुणिले तास आणि शेवटी ‘का उशीर झाला’ एवढे रकाने. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगाचा आहे. मजूर नव्हते, वीज नव्हती, औषध नव्हते, ट्रॅक्टर बंद, लग्नाला गेलो, जे असेल ते खरे लिहावे. हंगामानंतर तो रकाना एकदा वाचला की कशावर पैसे खर्च करायचे ते कळते. सहा वेळा ‘ट्रॅक्टर बंद’ असेल तर नवीन वाणाच्या लागवडीआधी ट्रॅक्टरचे काम करावे. चार वेळा ‘कात्र्या कमी’ असेल तर उत्तर आणखीच सोपे आहे. बॅटरीवरील कात्री घ्यावी की नाही, हाही प्रश्न छाटणीचे तास हातात असल्याशिवाय सोडवू नये. एकरभर बागेसाठी ती बहुधा परवडत नाही, तिघांनी मिळून घेतली तर परवडू शकते.

हंगाम संपल्यावर प्लॉटनिहाय एकूण मजूर-तासांना विकलेल्या किलोंनी भागा. एका किलोमागे किती मिनिटे गेली ते निघते. दोन प्लॉटमध्ये हा आकडा खूप वेगळा असेल तर त्याचे कारण बहुतेक वेळा घडसंख्या, असमान फूट किंवा जुना विरळ झालेला मांडव यांपैकी एक असते. जो प्लॉट सलग तीन वर्षे सर्वांत जास्त मिनिटे खातो आणि सर्वांत कमी भाव आणतो, तो ठेवायचा की काढायचा याचा निर्णय घ्यायला यापेक्षा चांगला आकडा मिळणार नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्राचे कर्मचारी आणि कंपन्यांचे क्षेत्रीय प्रतिनिधी यांनी चर्चासत्राची वेळ ठरवताना बागायतदाराचा दिवस पाहावा. ऑक्टोबर ते डिसेंबर सकाळी दहाची बैठक म्हणजे टोळी मालकाविना सोडणे. संध्याकाळी सातनंतर किंवा थेट बागेत, काम चालू असताना, अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक अधिक उपयोगी पडते. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर उत्पादन आणि साखर मोजतोच, त्याबरोबर त्याच दहा वेलींचे थिनिंगचे सेकंदही मोजून फलकावर लिहा. जीएची वेळ साधलेल्या आणि हुकलेल्या ओळींतील सेकंदांचा फरक शेतकऱ्याला टक्केवारीपेक्षा लवकर पटतो.

गावातल्या छाटणीच्या तारखा एकत्र मांडण्याचे कामही विस्तार कार्यकर्त्याला सहज जमण्यासारखे आहे. ऑगस्टअखेर गटातील वीस-पंचवीस बागायतदारांचे प्लॉट आणि इच्छित तारखा एका मोठ्या कागदावर लिहाव्यात. कोणत्या आठवड्यात सगळ्यांची गर्दी आहे ते लगेच दिसते. त्यातून पाच-सहा जणांनी तारखा चार-चार दिवसांनी सरकवल्या तरी तीच टोळी एका बागेतून दुसऱ्या बागेत जाऊ शकते, आणि मुकादमाला सलग काम मिळाल्याने दरही आवाक्यात राहतो. कागद सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. भातकापणी, दिवाळी आणि होळीचे दिवस त्यावर आधीच खुणा करून ठेवावेत.